वहीत नसलेला रकाना

नाथाजींना बंद वस्तू बघवत नसे. लहानपणी त्यांनी वडिलांचं मनगटी घड्याळ खोललं आणि मार खाल्ला. थोडे मोठे झाल्यावर शेजाऱ्याचा फवारणीचा पंप खोलला, तेव्हा मार चुकला, कारण पंप खरोखरच दुरुस्त झाला होता. पुढं सैन्यात गेले आणि नशिबानं गाड्यांच्या वर्कशॉपमध्येच पडले. चोवीस वर्षं सरकारनं त्यांना खोलाखोलीचा पगार दिला. हवालदार होऊन ते पलूसजवळच्या आपल्या शेरीवाडीत परतले, तेव्हा गावाला फुकटचा मिस्त्री मिळाला आणि त्यांच्या बायकोला, मनुबाईला, डोक्याला कायमचा ताप.

"आवं, त्या मिक्सरला काय झालं न्हाई, तर उघाडलाय कशाला?" ती विचारायची.

"झालं न्हाई ते का झालं न्हाई, ते बगतोय," असं हे सांगायचे, आणि त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली जायची.

अशा माणसाच्या नातीला रोज उशिरा जाणारी पॅसेंजर मिळाली, म्हणजे काय होणार ते सांगायला नको.

नातीचं नाव सृष्टी. तिचा बाप उदयसिंह सैन्यात, सीमेवर. आई गावातल्या अंगणवाडीत. ऑगस्टात सृष्टीनं सांगलीच्या एका आयटीआयमध्ये फिटरच्या कोर्सला नाव घातलं. वर्गात बावीस पोरं आणि ही एकटी मुलगी. नाथाजींना इतका आनंद झाला, की त्यांनी आपला जुना पान्यांचा संच तेल लावून तिच्या हवाली केला. मनुबाई म्हणाली, "पोरीला दागिनं द्येत्यात, ह्यांनी पानं दिलं." पोरगी मात्र खूश होती.

गाडी सकाळी सात वीसची. आठ पाचला सांगली, साडेआठला हजेरी. कागदावर सगळं व्यवस्थित होतं. पण शेरीवाडीला पॅसेंजर फलाटाच्या रुळावर बाजूला घेतात आणि मधल्या रुळावरून एक्स्प्रेस पुढं काढतात. एक्स्प्रेस वेळेवर असली तर पंधरा मिनिटांत सुटका होते. तिलाच उशीर असला, तर पॅसेंजरनं मुकाट्यानं उभं राहायचं. हा झाला एक उशीर. दुसरा जास्त वाईट. एक्स्प्रेस निघून जायची, सिग्नल पडायचा, भोंगा व्हायचा, गाडीला एक हिसका बसायचा आणि गाडी जागच्या जागी. मग गार्ड हातात झेंडी घेऊन डब्यांच्या कडेनं वाकून वाकून बघत चालायचा. अर्धा तास, कधी पाऊण तास. मग कुठंतरी काहीतरी खटकन व्हायचं आणि गाडी निघायची. काय झालं होतं, ते प्रवाशांना कुणी सांगत नसे.

जानेवारी लागेपर्यंत सृष्टीला अकरा वेळा उशीर झाला होता. तिच्या सरांनी तिला उभं करून सांगितलं, की आणखी एकदा उशीर झाला तर हजेरी कमी पडेल आणि परीक्षेचा फॉर्म अडवावा लागेल. एक वर्ष वाया. घरी येऊन तिनं हे आजोबांना सांगितलं. ती रडली नाही, पण त्या दिवशी जेवली नाही. नाथाजी बराच वेळ गोठ्याच्या दारात उभे राहिले. पोरीचं वर्ष एका गाडीपायी जाणार, आणि ती गाडी का थांबते हे आपल्याला माहीत नाही, या दोन्ही गोष्टींनी त्यांच्या जिवाची काहिली झाली.

वही तशी त्यांनी सप्टेंबरातच घातली होती. रेघा मारून रकाने पाडले होते. तारीख, इंजिनचा नंबर, ड्रायव्हर जाडा की बारीक, गार्ड कोण, एक्स्प्रेस किती वाजता गेली, थंडी, धुकं, डबे किती. आता त्यांनी ती वही दिव्याखाली धरून उभी-आडवी वाचून काढली. इंजिन बदललं तरी बिघाड होत होता. जाड्या ड्रायव्हरला होत होता, बारक्यालाही होत होता. धुक्यात होत होता, उन्हातही होत होता. फलाटाबाहेरच्या चहावाल्या बाळासोचं म्हणणं होतं, की गाडी म्हातारी झालीय. पण म्हातारी गाडी एकाच गावात कशी अडखळते? पुढं सांगलीपर्यंत तर ती नीट जायची. नाथाजींना हे कोडं सुटेना आणि सोडवेनाही. शेवटी त्यांनी रेल्वेच्या नावानं एक खरमरीत तक्रारअर्ज लिहिला आणि रोजच्या एकतीस प्रवाशांच्या सह्या घेतल्या. अर्जात 'अक्षम्य हलगर्जीपणा' हे शब्द तीनदा होते.

आता नाथाजींची सकाळ कशी असायची, तेही सांगायला हवं. पाचला उठून ते धारा काढत. शेण भरून टाकत. मग पायातले सैन्यातले बूट तसेच ठेवून नातीची बॅग खांद्याला लावून स्टेशन गाठत. गाव रुळांच्या उगवतीला आणि फलाट मावळतीला. नातीला शेवटून तिसऱ्या डब्यात बसवायचं, कारण तो हापशासमोर थांबायचा आणि चढायला सोपा पडायचा. तिला रोज एकच टोमणा मारायचा, "अगं, त्या बाजूला उनात कशाला बसतीस? हिकडं सावली हाय की." ती ऐकायची नाही. रोज उगवतीच्याच खिडकीत जाऊन बसायची. मग नाथाजींना डेअरीची घाई. आठच्या आत दूध घातलं नाही, तर डेअरीवाला झाकण लावून बसायचा. गाडी तर एक्स्प्रेसची वाट बघत उभी. तिला वळसा घालून जायला वेळ कुणाला? ते सरळ दोन डब्यांच्या मधे शिरत, पाय देऊन जोडावर चढत, पलीकडं उतरत आणि मधला रूळ ओलांडून गोठा गाठत. चोवीस वर्षं रणगाडे ओढणाऱ्या ट्रकांवर चढलेल्या माणसाला त्यात काय विशेष?

त्या मंगळवारीही ते असेच उतरले. एक्स्प्रेस गेली. भोंगा झाला, हिसका बसला आणि गाडी थांबली.

नाथाजी गोठ्याकडं निघाले होते, ते तिथंच वळले. आज बाराव्या वेळची खूण पडणार होती. दूध गेलं उडत, आज चोर पकडायचाच, असं मनाशी म्हणत ते थेट गार्डाकडं गेले. गार्ड कोरेगावकडचा इंद्रजित नावाचा तरणा माणूस होता. तो घामाघूम झाला होता.

"काय झालंय, सायेब? मी मिलिटरीतला मेकॅनिक हाय."

"हवा उतरलीय," इंद्रजित चालता चालता म्हणाला. "इंजिनात पुरती हाय, माझ्या डब्यात न्हाई. मधी कुठंतरी नळी बंद झालीया."

नाथाजींचे डोळे चमकले. हे त्यांच्या ओळखीचं होतं. मोठ्या ट्रकांचं तेच. हवा ब्रेकला धरून ठेवते. हवा उतरली, की ब्रेक चाकाला आवळतो. पुढचं इंजिन ओढणार आणि मागची चाकं आवळलेली, म्हणजे गाडी हलणार कशी? इतक्या महिन्यांनी कोड्याचं एक टोक हाती आल्यावर म्हातारा पोरासारखा पुढं पळाला. प्रत्येक जोडापाशी वाकायचा, नळी चाचपायचा, पुढं जायचा. शेवटून तिसऱ्या आणि दुसऱ्या डब्याच्या मधे तो थांबला.

"हितं हाय! सायेब, हितं!"

नळीच्या तोंडाशी एक लोखंडी दांडा असतो. तो सरळ असला की हवा जाते, आडवा झाला की बंद. तो अर्ध्याहून जास्त फिरला होता. इंद्रजितनं तो परत फिरवला. खटकन आवाज झाला आणि नळीत हवा सूं करून धावली. नाथाजींनी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नव्हता.

"ह्याची अडकण झिजलीया," इंद्रजित म्हणाला. "मी दोनदा लिवून दिलं. अडकण धड असती तर हत्ती हुबा ऱ्हायला तरी दांडा हलला नसता. आन् मधनंमधनं ह्यावर नेमका पाय कोण देतंय, ते शोधतोय. बघा की!"

नाथाजींनी बघितलं. दांड्यावर ओलं शेण लागलं होतं, त्यात उसाच्या वाढ्याचा हिरवा तुकडा. आधी त्यांना फक्त नवल वाटलं, की रेल्वेच्या गाडीला शेण आलं कुठून. मग त्यांची नजर हळूहळू खाली आपल्या बुटावर गेली.

तिथं दुसरं कुणी नव्हतं. इंद्रजित झेंडी दाखवायला मागं वळलाही होता. गप्प बसले असते तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण ज्याला आयुष्यभर कारण हवं होतं, त्याला ते हाती आल्यावर लपवता येईना.

"सायेब," ते म्हणाले, "त्यो पाय माझा."

इंद्रजितनं वळून बघितलं. मग म्हणाला, "आवं आबा, ही गाडी अडली त्ये सोडा. मधल्या रुळावनं एक्स्प्रेस येती. कवा तरी तुमीच गेला असता."

नाथाजी तसेच डब्यात चढले आणि नातीसमोर बसले. गाडी निघाली. काय झालं ते त्यांनी तिला सगळं सांगितलं. मग खिशातली वही काढली. तिच्यात आठ दिवस कोरे होते. पाच दिवस ते मेढ्याला लेकीकडं गेले होते, तीन दिवस गुडघा सुजून अंथरुणात होते.

"ह्या आठ दिसांत गाडी बिघडली व्हती का गं?"

सृष्टी खाली बघत म्हणाली, "न्हाई, आबा. एकदा बी न्हाई."

ड्रायव्हर जाडा की बारीक, हेसुद्धा त्यांनी लिहिलं होतं. आपण आलो होतो की नाही, एवढा एक रकाना काढला नव्हता. नाथाजींना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. वर्कशॉपमध्ये एखाद्या शिपायानं अशी चूक केली असती, तर त्यांनीच त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या.

त्याच शेणाच्या बुटांनी ते आयटीआयच्या कार्यशाळेत गेले. पोरं तोंड दाबून हसत होती. सरांपुढं त्यांनी वही उघडून ठेवली. "बारा उशीर हाईत. चार एक्स्प्रेसपायी झाले, ते मी माझ्यावर घेत न्हाई. आठ माझ्या पायानं झाले. पोरीचा एक बी न्हाई. शिक्षा द्यायची तर मला द्या."

सरांनी वही वाचली. दांडा कसा असतो, कुठल्या बाजूला फिरतो, हेही विचारून घेतलं. तेही त्याच जातीचे निघाले. मग म्हणाले, "काका, तुमची वही माझ्या हजेरीपटात बसत नाही. पण शनिवारी दुपारी कार्यशाळा उघडी असते. तिनं तास भरून काढले तर फॉर्म अडवणार नाही. तेराव्या उशिराला मात्र माझाही इलाज नाही."

त्या संध्याकाळी नाथाजींनी बाळासोच्या टपरीवर एकतीस सह्यांचा अर्ज सगळ्यांदेखत फाडला. का, तेही सांगितलं. लोक पोट धरून हसले. त्यांनी हसू दिलं. मग नवा अर्ज लिहिला. झिजलेली अडकण बदला, आणि रुळांवरून गावाकडं जायला पूल बांधा. खाली सही एकट्याचीच केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सृष्टीला डब्यात बसवलं आणि ते फलाटावरच उभे राहिले. डेअरीचं दूध आज मनुबाई घालणार होती. सात पस्तीसला पलीकडून एक्स्प्रेस आली. दोन डब्यांच्या फटीतून ती धडधडत जाताना नाथाजींनी पहिल्यांदाच इतक्या जवळून, उभं राहून पाहिली. फलाट पायाखाली थरथरला. ते दोन पावलं मागं सरकले.

भोंगा झाला. खिडकीत सृष्टी होती, सावलीच्या बाजूला.

"आज हिकडं कशी गं बसलीस?" नाथाजींनी विचारलं.

"रोज तिकडं तुमी रूळ वलांडून गेलेलं दिसस्तवर माझा जीव खालवर हुयाचा, आबा," ती म्हणाली. "आज तिकडं बघाया कोण हाय?"

गाडीला हिसका बसला. या वेळी ती थांबली नाही. सृष्टीनं हात बाहेर काढला, आणि नाथाजींनीही हात वर केला.