मिरचीच्या रोपांची सावली

ओल्या शाडूचा वास आला की पेणमधले ते सामाईक अंगण आणि माझी करपलेली मिरचीची रोपे मला आठवतात. ओसरीत वाढवलेली ती कोवळी रोपे वाफ्यात लावण्यापूर्वी मी त्यांना उन्हाची सवय लावीत होतो. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, आणि मग पुन्हा सावलीत. तिसऱ्या दिवशी कोर्टातली कारकुनी आटोपून परतलो, तर शेजारच्या मूर्तिकाराने सावलीची ती जागा आपल्या ओल्या गणपतींसाठी बळकावून माझी रोपांची खोकी भर उन्हात सरकवली होती. एकूण एक रोप मान टाकून पडले होते. "रोपांना ऊन लागतंच ना, वकीलसाहेब!" मला कारकुनाला मुद्दाम वकील करीत तो हसत म्हणाला. "मग आपल्या मूर्ती का नाही ठेवल्या उन्हात?" मी विचारले. "ओली मूर्ती हाय ती, पहिल्याच उन्हात तडकंल नाय का?" एवढे बोलून त्याने जीभ चावली. ते वाक्य मी कबुली म्हणून शब्दशः उतरवले आणि अंगणापलीकडच्या त्याच्या घरी रजिस्टर्ड टपालाने नोटीस धाडली. पोच आली, उत्तर आले नाही. कोवळ्या वस्तूला ऊन काय करते, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. त्यासाठीच मी त्याला आजतागायत क्षमा केलेली नाही.