लुचियाताईंचा उतार

पडेगावच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. लुचियाताई चौथ्या मजल्यावरून गुडघे किंचित वाकवून, कठड्याला हात न लावता अशा सुसाट उतरत, की तळमजल्यावरचे शेख चाचा ओरडत, "बेटी, जरा आहिस्ता!" नवरा इथल्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला, त्याच्यासोबत त्या इटलीहून आल्या होत्या.

बर्फावरून घसरत जायच्या शर्यतीत, स्कीइंगमध्ये, ताई आपल्या देशाकडून खेळलेल्या. वडील डोंगरात गाई पाळायचे आणि शाळेची वाटही बर्फाचीच. विशीच्या आत राष्ट्रीय संघात गेल्या, पदकं मिळवली. मग एका शर्यतीत भरधाव वळणावर पडल्या आणि उजवा गुडघा मोडला. डॉक्टर म्हणाले, आता शर्यत विसरा. दोन हिवाळे घरी काढून ताई पुन्हा त्याच उतारावर उभ्या राहिल्या आणि पहिल्या आल्या.

आईनं एकदा विचारलं, "भ्या नाय वाटलं व्हय?"

"लई वाटलं!" ताईंची मराठी आमच्याच जिन्यात घडलेली. "पण नजर पुढच्या वळणावर. पायाकडं पाह्यलं की पडलोच."

कॉलेजच्या कबड्डीत माझा गुडघा गेला, तेव्हा मी पायाकडेच बघत बसले होते. ऑपरेशन झालं, टाके निघाले, तरी पाय वाकवायची हिंमत होईना. खेळ संपला, असं मी घरी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ताई दारात. त्यांनी पायजमा वर केला. गुडघ्यावर वीतभर लांब दोन व्रण होते.

त्या दिवसापासून रोज व्यायाम. मी रडले की त्या समजूत काढत नसत. "रड. पण आधी दहा वेळा वाकव, मग रड." दहा झाले की रडायला दमच उरत नसे.

पुढच्या वर्षी पडेगावच्याच मैदानावर फुलंब्रीच्या संघाशी अंतिम सामना होता. आम्ही एका गुणानं मागे होतो आणि शेवटची चढाई माझी. दोघींना शिवून निसटताना एकीनं नेमका तोच पाय धरला. मी त्याच पायानं जमीन रेटली आणि मधली रेषा गाठली. शिट्टी वाजण्याआधीच दोरी ओलांडून ताई मैदानात! इटालियनमध्ये काहीतरी ओरडत त्यांनी मला उचललं. स्वतःच्या विजयाच्या गोष्टी कोरड्या डोळ्यांनी सांगणाऱ्या त्या बाई तेव्हा ढसाढसा रडल्या.

महिन्याभरात ताईंच्या नवऱ्याची कारखान्यातल्या कामाची मुदत संपली. इटलीला परत जाताना त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, त्या सामन्यातली जर्सी. "धुवून देते," म्हटलं, तर म्हणाल्या, "नाय, मातीसकट दे."

परवा त्यांच्या घरचा फोटो आला. भिंतीवर त्यांची पदकं रांगेनं लावलेली. मधोमध, काचेच्या चौकटीत, पडेगावची लाल माती लागलेली माझी जर्सी.