स्वयंपाकघरातल्या सपाता

शाळेत खेळाच्या तासाला माझं काम ठरलेलं असे. धावणाऱ्या मुली आपल्या चपला आणि घड्याळं माझ्याकडे देऊन जात, आणि मी चारचार घड्याळं मनगटावर चढवून चपलांच्या रांगेशेजारी बसून राही. मला कुणी धावायला बोलावलं नाही आणि मीही कधी उठले नाही. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी, सिंगापूरमध्ये, मी डिसेंबरमधल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं तेव्हा नवऱ्याने आधी विचारलं, "धावायला?" जणू तिथे पोळ्या लाटायलाही बायका घेतात.

मी चिडले, आणि चिडले की मी काहीही करू शकते. दिवसभर तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून काम करायचं, संध्याकाळी टॅम्पिनीसला घरी यायचं, बूट चढवायचे आणि आमच्या ब्लॉकमागच्या धावायच्या वाटेवर जायचं. सुरुवातीला एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावले की जीव कंठाशी येई. दोन महिन्यांनी न थांबता तीन किलोमीटर जमले. मग काय, मी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं. ज्यांच्या चपला सांभाळल्या होत्या त्या सगळ्याजणी तिथे होत्या. त्यांनी अंगठे आणि फुलं पाठवली, आणि मी त्याच आठवड्यात हुरळून अंतर दुप्पट केलं.

एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. मी पुन्हा पलंगावर बसले. भिंत धरून दहा पावलं टाकल्यावर कळ कमी झाली, म्हणून मी ती मनावर घेतली नाही. आठवडाभराने मात्र लंगडतच फिजिओथेरपिस्टकडे गेले.

ती एक तरुण चिनी मुलगी होती. तिने अंगठ्याने टाच दाबली, मी किंचाळले, तिने समाधानाने मान हलवली. तळव्याखालचा पडदा सुजला होता. "रनिंग कॅनॉट. स्विमिंग कॅन," ती म्हणाली. सहा आठवडे. शिवाय पोटऱ्या ताणायच्या, पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तिच्यावर तळवा फिरवायचा, आणि पायात कायम चांगले बूट. मी तिथल्या तिथे हिशेब केला. सहा आठवडे गेले तरी शर्यतीआधी दोन महिने उरत होते. जमणार होतं.

मी शहाण्या मुलीसारखं सगळं केलं. मटारच्या पिशवीशेजारी बाटली ठेवली. नवे, जाड तळाचे बूट आणले. तीन आठवड्यांनी सकाळची कळ जराशी कमी वाटली, तेव्हा मी कुणाला न सांगता धावायला गेले. पंधरा मिनिटं स्वर्गात होते. दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना. लिफ्टमध्ये एकटी असताना मी चक्क रडले. टाच दुखते म्हणून नाही. ग्रुपवर आता काय सांगायचं, आणि पुन्हा कडेलाच बसायचं का, याचं ते रडू होतं.

त्यानंतर मी खरोखर धावले नाही. पण सहाव्या आठवड्यातही पहाटेचा खिळा जागच्या जागी! मी फिजिओवर उखडले. ती शांतपणे म्हणाली, "सकाळपासून पायांनी काय काय करता ते सांगा." मी सांगितलं. उठून ओट्याशी तासभर, डबे, पूजा, मग बूट घालून ऑफिस. संध्याकाळी बूट दाराबाहेरच्या रॅकवर, आणि पुन्हा ओट्याशी दोन तास. गणपतीत तर एकावन्न मोदक उभ्याने केले होते.

"इन द किचन, व्हॉट शूज?"

 स्वयंपाकघरात? बूट?

"बेअरफूट? ऑन टाइल्स? अय्यो, थ्री अवर्स लाह!" तिने कपाळाला हात लावला. शूज बाहेर काढून तीही घरात शिरत होती, पण आत सपाता घालत होती. पायात कायम बूट हे मी अक्षरशः पाळलं होतं, फक्त घर त्यात धरलंच नव्हतं. डॉक्टर जेव्हा कायम म्हणतात तेव्हा त्यात देवासमोरचा वेळ येतो हे आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

त्याच संध्याकाळी मी मऊ, तळव्याखाली उंचवटा असलेल्या सपाता घेतल्या. पण प्रश्न सासूबाईंचा होता. त्या वर्षी त्या पुण्याहून लाँग टर्म पासवर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सिंगापूरच्या फ्लॅटला उंबरठा नसतो, पण सासूबाईंनी येताना तो सोबत आणला होता. देवघर स्वयंपाकघरातल्या फळीवर. तिथे पायात काही घालून जाणं मलाही जिवावर येई, त्यांचं तर नावच नको. म्हणून मी सपाता झोपायच्या खोलीत घालायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी काढायचे. म्हणजे जिथे तीन तास उभी राहायचे तिथे अनवाणी, आणि जिथे फक्त झोपायचे तिथे सपाता. माझ्या अकलेचा मला आजही अचंबा वाटतो.

चार दिवस सासूबाईंनी पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलं, "दाराशी हे काय काढून ठेवतेस गं रोज?"

मी सगळं सांगून टाकलं. खिळा, लिफ्ट, डिसेंबर. शाळेतल्या चपलाही सांगितल्या, त्या नवऱ्यालाही कधी सांगितल्या नव्हत्या. सासूबाई वाटाणे सोलत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता पुण्याला नणंदेला फोन जाणार.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. आंघोळ करून बाहेर आले तर पाटावर विळी, माझा लॅपटॉप आणि नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हरचा डबा, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, झेंडूचं एकेक फूल वाहिलेलं. आणि पाटाच्या खाली, वर्तमानपत्रावर, माझ्या सपाता. त्यांच्यावरही कुंकवाचं बोट आणि एक फूल.

"पाटावर नाही ठेवल्या हं," सासूबाई म्हणाल्या. "पायातलं ते पायातलंच. पण रस्ता बघितलेला नाही यांनी. घरातल्या घरात चालतील. बाहेर एक पाऊल जरी गेलं ना, तर मग मात्र स्वयंपाकघरात नाही."

"आई, देवाला चालेल?"

"देवाला तुझी टाच दिसत नसेल का? घाल मुकाट्याने. पुऱ्या तळायच्यात."

मी सपाता घालून पुऱ्या तळल्या. सासूबाई मात्र शेवटपर्यंत त्या सपातांवर डोळा ठेवून होत्या. कचरा टाकायला कॉरिडॉरमध्ये निघाले की आतून आवाज यायचा, "पाय!" मी सपाता काढून बाहेरच्या चपला घालायचे. पण तीन आठवड्यांत पहाटेचा खिळा बोथट झाला, आणि नोव्हेंबरमध्ये एका सकाळी मी चालत बाथरूमपर्यंत गेल्यावर लक्षात आलं की आज दुखलंच नाही. मी परत पलंगापाशी आले आणि खात्री करायला पुन्हा एकदा चालले.

तयारीला महिनाच उरला होता. धावणं-चालणं, धावणं-चालणं करत मी शर्यत पूर्ण केली. माझ्या पुढे जाणाऱ्यांत एक पणजोबा होते आणि केळ्याचा पोशाख घातलेला एक माणूस होता. शेवटच्या किलोमीटरला टाच कुरकुरू लागली, तिला मी चांगलं झापलं. रेषा ओलांडली तेव्हा मंडप आवरायला सुरुवात झाली होती, तरी कुणीतरी गळ्यात पदक घातलं. मी हसत होते आणि डोळे वाहत होते.

कठड्यापलीकडे नवरा फोटो काढत होता. त्याच्या शेजारी सासूबाई, नऊवारीखाली स्पोर्ट्स शूज, हातात प्लास्टिकची पिशवी पोटाशी धरलेली. सकाळी सातपासून त्या तशाच उभ्या होत्या, पिशवी नवऱ्याकडेही दिली नव्हती म्हणे.

मी लंगडत त्यांच्याजवळ गेले आणि कडेला बसून बूट काढले. त्यांनी पिशवी उघडली आणि माझ्या सपाता काढून सरळ रस्त्यावर, माझ्या पायांपुढे ठेवल्या.

"आई! आता या घरात चालणार नाहीत."

"राहू देत बाहेर," त्या म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या आणू. घाल आधी."