मागे दोन पाटे टाका

चहाचा कप आधी खाली ठेवा. ठेवलात? बरं. नाहीतर चहा नाकातून येईल आणि बोल मला लावाल. आयुष्यात मी एकदाच जीप उंच केली. ती कशी केली, हे बेलापूरजवळ ज्या गावात मी राहायचो तिथले लोक अजून सांगतात. मी समोर बसलेलो असलो तरी सांगतात!

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई तेव्हा आमच्या नकाशांवर होती. जमिनीवर होती भातशेती, मिठागरं आणि चिखल. मी माण तालुक्यातला, कोरड्या मुलखातला गडी, सर्व्हेच्या हापिसात नवा लागलेलो. जमिनीच्या लेव्हली काढायच्या, एवढंच काम. पण कशा? सुतापर्यंत अचूक! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि त्या सुताचा मला भारी माज होता.

सहा महिने काम बघून मग कायम करणार होते. तिकडे गावाकडे जिच्याशी माझं जमलेलं, त्या सुमनच्या वडिलांनी सांगून टाकलेलं, "कायम झाल्याचा कागद दाखवा, दुसऱ्या दिवशी तारीख काढू." म्हणजे माझी नोकरी आणि माझं लग्न, दोन्ही त्या एका कागदावर. आणि कागद आमच्या साहेबांच्या हातात.

हापिसाची एक मिलिटरीतली जुनी जीप माझ्या ताब्यात होती. तिच्या खालच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, पार बसलेल्या. साहेब मुंबईहून पाहणीला आले की जीप स्वतः चालवायचे, तेवढी एक हौस होती त्यांना. मागच्या खेपेला खाडीच्या बांधावर एक मोठा दगड जीपच्या पोटाला असा घासला, की साहेब उडाले आणि त्यांचं डोकं वरच्या लोखंडी पाइपावर आपटलं. खण्णकन्!

टेंगूळ चोळत साहेब म्हणाले, "शुक्रवारी परत येतो. तोवर ही जीप तीन इंच वर उचलून घ्या. पुन्हा घासली ना, तर जीप भंगारात आणि तुम्ही माणला."

ड्रायव्हर रजेवर गावी गेलेला. धावत गेलो नाक्यावर, हसनचाचांच्या गॅरेजात. हसनचाचा म्हणजे पंचक्रोशीतले नामी मिस्त्री. ते एका ट्रकखाली आडवे झालेले, बाहेर नुसते पाय. मी त्या पायांशीच बोललो.

"चाचा, जीप तीन इंच वर उचलायची हाय."

"सोपं हाय. मागे दोन पाटे टाक." ट्रकखालून आवाज आला.

"पाटे?"

"हां, पाटे. दोन टाकलेस की येतंय वर."

आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांना पाटा म्हटल्यावर स्वयंपाकघराच्या पलीकडचं काही आठवतं? आमच्या माणात पाटा एकच. दगडी. वर वरवंटा!

पण विचारायची लाज वाटली हो. लेव्हली काढणारा माणूस मी, मिस्त्रीला काय अडाण्यासारखं विचारणार? उलट शहाणपणा दाखवला. "जुने चालतील?"

"जुनेच बरे. फक्त तडा गेलेला घेऊ नको हां!"

"छे छे, बघून घेतो. गावात मिळतील."

"गावात?" पाय जरा थबकले. "बरं, मिळाले तर बघ. आधी माप घे, टाकल्यावर परत माप घे. तुमच्या ड्रायव्हरला येतंय टाकायला."

मी मनात म्हटलं, पाटा टाकायला ड्रायव्हर कशाला? मला काय पाटा उचलत नाही?

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या हिराकाकू. आगरी बाई, आवाज खाडीपलीकडे जाईल असा, आणि माया त्याहून मोठी. त्यांच्याकडे पाटा मागितला.

"पाटा? आरं बाला, तू कवापासून वाटान कराया लागलास?"

"जीपसाठी पाहिजे, काकू."

काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग स्वतःचा पाटा दिला, शेजारणीचाही आणून दिला. दोन्ही मी जीपमध्ये अगदी मागच्या फळीला टेकवून ठेवले. टाकण्यापूर्वी जमिनीपासून पुढच्या बंपरपर्यंत टेप लावलेली होती. टाकल्यावर परत लावली.

आणि काय सांगू! बंपर चार सूत वर! म्हणजे अर्धा इंच!

मी तिथेच टाळी वाजवली. वा चाचा, वा! काय डोकं आहे! मागे वजन पडलं की पुढचं तोंड वर. शाळेतली तरफ! फक्त चाचांचा हिशोब जरा चुकला होता. अशिक्षित माणूस, चालायचंच. दोन पाट्यांना अर्धा इंच, तर तीन इंचांना किती? बारा! मी त्रैराशिक मांडलं, खाली दोन रेघा मारल्या, सही केली.

शुक्रवारी सकाळी मी गावातून दारोदार फिरलो. "मावशी, पाटा द्या, साहेब यायचेत." साहेबांचं नाव घेतल्यावर कोण नाही म्हणणार? दहा पाटे गोळा केले, छातीशी धरून एकेक जीपपाशी आणला. बारावा टाकला तेव्हा मागून "कर्र" असा आवाज आला. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मी टेप घेऊन पुढे पळालो. बंपर तीन इंच वर. तीन म्हणजे तीन! एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. पाट्यांवर ताडपत्री झाकली आणि साहेबांची वाट बघत उभा राहिलो.

साहेब आले. स्टिअरिंगवर बसले.

"काय हो, मला रस्ता का दिसत नाही?"

"उंची वाढली ना, साहेब."

"मला फक्त ढग दिसतायत!"

"सवय होईल, साहेब."

निघालो. जीप नाक वर करून बांधावरून चालली. साहेब उभे राहून चालवतायत, मी शेजारी बसून "जरा डावीकडे, जरा उजवीकडे" सांगतोय. तो दगड आला. पुढची चाकं झकास गेली. मी साहेबांकडे अभिमानाने बघितलं. आणि मग मागून असा काही आवाज झाला, की खाडीतले बगळे उडाले.

जीपचं बूड दगडावर बसलं होतं. पुढची चाकं आभाळात फिरत होती. खरंच, हवेत!

साहेब शांतपणे उतरले. मागे गेले. ताडपत्री उचलली. बारा पाटे बोटाने मोजले. मी मनातल्या मनात माणची ट्रंक भरायला घेतली. सुमनचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि तिच्या वडिलांचाही.

"हे काय आहे?"

"पाटे, साहेब."

"ते मला दिसतंय. का आहेत?"

मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बांधावरून आरडाओरडा ऐकू आला. हिराकाकू पुढे, मागे दहा-अकरा बाया. अकरा वाजून गेलेले, घरोघरी मासळी साफ करून ठेवलेली, आणि अख्ख्या गावात वाटण वाटायला पाटा नाही!

"माजा पाटा दे आधी!"

"घरात पोरं उपाशी हायत, न हा गाडीला वाटान घालतंय!"

"सायेब, ह्याच्यावर रागवू नका," काकू म्हणाल्या, "पोर चांगला हाय. जरासा फिरलाय, पन चांगला हाय."

गलका ऐकून हसनचाचा सायकलवरून आले. त्यांनी पाटे बघितले, मला बघितलं, आणि सायकल सोडून दिली. सायकल सरळ खाडीत.

"अरे बाबा, पाटे म्हणजे कमानीचे पाटे! लोखंडाचे! हे बघ, कमानीत एकावर एक पट्ट्या असतात ना, त्याला पाटे म्हणतात आमच्यात! कमानीत टाकायचे होते, जीपमध्ये नाय!"

साहेबांनी माझ्या हातातली वही घेतली. "माप कुठून घेतलंत?"

"जमिनीपासून पुढच्या बंपरपर्यंत, साहेब. तीन इंच बरोब्बर वर."

"मागचं?"

"मागचं... मागचं नाही घेतलं, साहेब."

"चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डपर्यंत घ्यायचं असतं रे," चाचा कळवळून म्हणाले. "चारी चाकांचं. रिकाम्या गाडीचं!"

साहेबांनी टेप घेतली, मागे मोजलं, जीपच्या कागदावरच्या मूळ मापाशी ताडलं आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: पुढून तीन इंच वर, मागून साडेपाच इंच खाली. मग ते त्या दगडावर बसले आणि हसायला लागले. पोट धरून, डोळे पुसून हसले. बाया हसल्या, चाचा हसले. मी एकटा पाटे उतरवत होतो. बारा घरी पोचवले, तेव्हा कुठे गावात चुली पेटल्या. चाचांची सायकलही मीच चिखलातून काढली.

त्या दुपारी साहेब काकूंकडे जेवले. उशिरा झालेल्या वाटणाचं कालवण दोनदा मागून घेतलं. जाताना माझी वही तेवढी बरोबर घेऊन गेले. पुढचे पंधरा दिवस मी जेवलो की नाही, मला आठवत नाही.

कागद आला. कायम! खाली साहेबांचा शेरा: "मापे अत्यंत अचूक. मात्र कशाची घ्यायची, ते सांगण्यास सोबत कोणीतरी असावे."

ती सोबत लगेच मिळाली. महिन्याभरात सुमनशी लग्न झालं. गावाने मिळून आहेर काय दिला असेल? कोराकरकरीत पाटा-वरवंटा! सुमनला या प्रकरणाचा पत्ता नव्हता. बिचारीने घरात पाऊल ठेवल्यावर सहज विचारलं, "हा पाटा कुठं ठेवू हो? मागच्या पडवीत?"

मी तोंड उघडायच्या आत काकू दारातून ओरडल्या, "नको गो बाय, मागं नको ठेवू! घर पुढून तीन इंच वर येल, न हा टेप घेऊन धावंल!"