दोन्ही बाह्या उजव्या

कोणी नसताना कानात बोलणारे आवाज गोळ्यांनी बंद होऊन वर्ष झालं, तेव्हा मामा मला तपासायला आले. डॉक्टर नव्हेत ते. घाटंजीत राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. सोबत पाहुणेही आणले होते, ही परीक्षा बघायला.

"तेराचा पाढा म्हण."

म्हटला. मामांनी पाहुण्यांकडे असं पाहिलं, जसं काही मला त्यांनीच घडवलं. मग म्हणाले, "आता सहा चहा आण. दोन बिनसाखरेचे, एक बिनदुधाचा."

गॅसपाशी पोहोचेपर्यंत डोक्यात फक्त 'सहा' उरलं. सगळे चहा गोड, सगळे दुधाचे.

"आवाज बंद झाले ना तुहे? मंग काहून विसरून राह्यली? ढोंग हाय सारं!"

हा माणूस त्याच बैठकीत स्वतःच्या बदलीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. त्याला कोणी गोळी घ्यायला सांगितली नाही.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आवाज गेले, म्हणजे आजार शांत आहे. पण लक्ष, आठवण, कामाचा क्रम हे मागे राहू शकतं. हा आळस नाही. एका वेळी एकच काम घ्या."

मामांना हे सांगितलं तर ते हसले. उभी नोकरी पोरांना 'ढ' ठरवण्यात घालवलेल्या माणसाकडून आणखी काय येणार?

आजारापूर्वी मी ब्लाऊज शिवायची, एका दुपारी एक. पुन्हा मशीनवर बसले आणि दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. कापड तांड्यावरच्या एका बाईचं. ती घ्यायला आली तेव्हा मला रडू फुटलं.

"कापड उरलं हाय ना?" तिनं विचारलं. "मंग अजून एक काप. मी बसतो."

डावी बाही कापून होईपर्यंत ती खरंच बसली. त्यानंतर मी चिठ्ठ्या लिहून भिंतीला लावल्या: पाठ, पुढचा भाग, बाह्या, हुक. एक काम झालं की एक चिठ्ठी काढायची. ब्लाऊज चौथ्या दिवशी झाला आणि तिच्या अंगावर नीट बसला.

मामा गावभर सांगत सुटले, "मीच तिले वळण लावलं." मग शर्टाचं कापड घेऊन दारात हजर. "उद्या पाह्यजे."

मी कापडाची घडी करून त्यांच्या हातात परत दिली. "ज्याले थांबता येते, त्याचंच शिवतो मी, मामा."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. माझं काहीच अडलेलं नाही.