भाऊबीजेची एसटी

दिवाळीत भट्टी बंद असते, म्हणून मी झोपायला मोकळा असतो. शिरोलीच्या फौंड्रीत वर्षभर उभे राहून पायांचे जे लाकूड होते, ते या सुट्टीतच जरा सैल पडते. पण भाऊबीजेला गडहिंग्लजला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे जायचे हे ठरलेले. बायको तिच्या भावाकडे गेलेली. त्यामुळे मी आणि लेक, दोघेच.

लेक पुण्यात शिकते. सुट्टीला आली की बाटली स्टीलची, पिशवी कापडी आणि बापाला वळण लावायचे, असा तिचा कार्यक्रम असतो. "दोन माणसांसाठी अख्खी गाडी कशाला, पप्पा? एसटी तशीही जातेच आहे. एवढ्या एका सुट्टीत तरी धूर न करता जाऊया." तिचे खरेच होते, आणि वाद घालायचे त्राण माझ्यात नव्हते. गाडीवर कव्हर घातले. स्टँडवरून अक्काला फोन केला, "एस्टीनं येतोय, जेवाय थांबू नगं." का, ते सांगितले नाही. तिथेच माती खाल्ली.

स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडकीतून रुमाल टाकून मी जागा धरली. आत पोचेपर्यंत त्या जागेवर एक म्हातारबा नातवाला मांडीवर घेऊन बसलेले. "पावणं, रुमाल तुमचा काय? घ्या की," म्हणत त्यांनी तो अंगाखालून काढून मला परत दिला. निपाणीपर्यंत मी उभाच होतो. गुडघे बोलत होते आणि मला सगळ्यांचाच राग येत होता, लेकीचासुद्धा. ती मात्र दाराजवळच्या पिशव्यांवर बसून बाहेरचा ऊस बघत हसत होती.

अक्का दारातच उभी होती. डोळे सुजलेले. लेकीला आत पाठवले आणि माझा दंड धरून बाजूला नेले.

"गाडी इकलीस?"

"न्हाय गं. दारात हाय की. पोरीची हौस म्हणून आलोय एस्टीनं."

"हौसंनं कोण दिवाळीत एस्टीत चेंगरतंय? कारखान्यात काय झालंय काय? मला परकी समजलास व्हय रं?"

मी दाजी कुठे आहेत ते विचारले. "तुमास्नी आणाय गेल्यात, कोल्हापूरला. शेजारची जीप मागून." खिशातला फोन काढला तर त्यावर दाजींचे नुसते मिस्ड कॉल. एसटीच्या खडखडाटात एकही ऐकू आला नव्हता. बऱ्याच वेळाने दाजी रिकामी जीप घेऊन परत आले. लेकीने ते ऐकले आणि कपाळाला हात लावला. आम्ही जेवढे वाचवले, तेवढे दाजींनी जाळून आणले होते.

अक्काचे काय दुखत होते ते मला ठाऊक होते. ती नवी नवरी असताना आमचे वडील भाऊबीजेआधी एसटीने फराळ घेऊन यायचे. तिची सासू अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणायची, "आलं बघा, माहेर एस्टीतनं आलं." म्हणून मी जुनी का होईना, गाडी घेतली तेव्हा पहिली इथेच आणली. अक्काने बॉनेटला कुंकू लावले आणि दिवसभर ती गल्लीच्या तोंडाला उभी करायला लावली. बैलगाड्या अडल्या, लोक शिव्या देऊन गेले, पण तिने हलवू दिली नाही. सासू जाऊन किती वर्षे झाली, पण गल्ली तिथेच आहे. आता त्याच गल्लीतली जीप मागायची पाळी आली होती.

तिने ओवाळले. ताटात ठेवलेली साडी उघडूनसुद्धा बघितली नाही. "ही परत दे दुकानात. पोरीला कायतरी घे," म्हणाली. मी थकलोय हे मला माहीत होते, पण इतका थकलोय ते तेव्हा कळले. ती साडी तिच्या मांडीवर तशीच टाकून मी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी दाजी परत जीप आणायला निघाले, त्यांना हातापाया पडून थांबवले. अक्का स्टँडपर्यंत चालत आली. वाटेत भेटेल त्याला न विचारता सांगत होती, "गाडी हाय त्याची. पोरीला एस्टीची हौस." बस सुटताना मात्र खिडकीला धरून हळूच म्हणाली, "खरं सांग. हाय न्हवं गाडी?"

"हाय की, अक्का."

तिला पटले नव्हते. बसमध्ये लेकीने विचारले, "आत्या असं का करते?" मी सगळे सांगितले.

घरी पोचून चप्पल काढतोय तोवर अक्काचा फोन आला. "पोचलासा?" म्हटले, पोचलो. तरी ती फोन ठेवेना. काय विचारायचे होते ते तिलाही विचारवेना.

मी मागे वळलो, तर लेक दारातल्या गाडीचे कव्हर ओढून काढत होती. आत जाऊन तिनेच किल्ली आणली.

"लावा, पप्पा. ऐकू दे तिला."

गाडी जागच्या जागी चालू केली आणि फोन बॉनेटवर धरला. लेक धुरात उभी राहिली, तोंडावर ओढणीसुद्धा घेतली नाही. थोड्या वेळाने मी फोन कानाला लावला. तिकडे अक्काने नाक ओढले.

"बरं. बंद कर आता," ती म्हणाली. "उगंच पेट्रोल जाळू नगंस."