फोपनारची वायर

पडदा वर जातो आणि दिसते बुऱ्हाणपुरातली माडीवरची खोली. खिडकीशी संगणक, त्यापुढे हेमराज. खेडोपाडी इंटरनेट जोडलं जात होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट.

जगभरची यंत्रं ज्या मूळ प्रणालीवर चालतात, तिच्या नेटवर्कच्या भागात हेमराजला एक भोक सापडलं. बिघडलेला संदेश आला, की त्याच्यासाठी घेतलेली मेमरी परत सोडलीच जात नसे. कुणी मुद्दाम तसे संदेश धाडत राहिलं, तर यंत्र गुदमरून बंद पडे. दुरुस्ती त्यानं लिहून ती प्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींना पाठवली. पण ती जाहीर होईपर्यंत चोरांना सुगावा लागू नये म्हणून कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही, हा त्या मंडळींचा रिवाज.

जवळच्या फोपनार गावाला त्याच प्रणालीवरच्या मशीनमधून इंटरनेट पुरवणारा त्याचा मित्र दगा रोज यायचा. "हेमा, मशीन फिर बंद पडलं! लोकं मले शिव्या देतात. इतका मोठा इंजिनियर तू, सांग ना काही!"

"वायर बघ," हेमराज खाली मान घालून म्हणायचा.

दगानं सगळी वायर बदलली.

दुरुस्ती जाहीर झाली, तसा हेमराज धावत फोपनारला गेला. दगा दुकानाची पाटी उतरवत होता. गिऱ्हाइकं केव्हाच दुसरीकडे गेली होती. सगळं ऐकून घेऊन त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे वायर चांगली होती?"

"होती रे दगाभाऊ," हेमराज म्हणाला. "वायर चांगलीच होती."